खिशातला मास्तर

जळगाव जामोदच्या बाजारात वांग्यांचा भाव सगळ्यात चिवटपणे कोण करत असेल, तर तो व्हिएतनाममध्ये राहणारा माझा वर्गमित्र. तिकडच्या शाळेत तो पोरांना इंग्रजी शिकवतो. बाजाराच्या दिवशी त्याची शाळा सुटली की व्हिडिओ कॉल आलाच म्हणून समजा. मी त्याला शर्टाच्या खिशात उभा करतो, कॅमेरा बाहेर, आणि आम्ही दोघं निघतो. "हळू चाल बे, मले मिरची पाहू दे," असा खिशातून हुकूम सुटतो. लोक माझ्या छातीकडे बघत राहतात. वांगेवाल्या मावशीसमोर आलो की खरी लढाई. "किडक्या वांग्याले एवढा भाव?" "किडकं तुमच्या तिकडं असन. परवडत नसन तर रस्ता धरा, मास्तर." भाव तो करतो, वांगी माझ्या घरी येतात. बायको म्हणते, "त्याइले सांगा, या खेपेले भेंडीचा भाव करा."

एकदा वैतागून मी विचारलंच, "काऊन भांडतं बे तिच्यासंगं? तुले तर खायचंबी नाही." तो म्हणाला, "दिवसभर मी जे बोलतो तेच पोरं माझ्या मागून बोलतात. मी म्हणतो हाऊ आर यू, सारा वर्ग म्हणतो हाऊ आर यू. जवाब कोनीच देत नाही. खोलीवर आलो की तेबी बंद. मावशी मले नाही म्हणते बे. बरं वाटते." मला फार वाईट वाटलं. मी उगाच कोथिंबीर निवडत बसलो.

गेल्या दिवाळीत तो आला, तो परत जायचंच नाही असं ठरवून. आईवडील गेलेले, लग्न राहून गेलेलं. बंद घर उघडलं, झाडलं, अंगणात खाट टाकली. पण गावानं त्याचा पार 'सर' करून टाकला. तो काहीही बोलो, लोकांचं आपलं "हाव सर, बरोबर हाय सर." बाजाराच्या दिवशी मात्र गडी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मावशीपुढे उकिडवा बसला, वांगं हातात फिरवून म्हणाला, "किडकं आहे." मावशीनं त्याला बुटांपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं, डोक्यावरचा पदर सावरला. "घ्या ना सर. तुमी म्हणसान तो भाव."

"मावशी, नाही म्हणा ना."

"तुमाले कसं नाही म्हणू, सर?" तिनं वांगी पिशवीत भरली, वर मूठभर मिरच्याही टाकल्या. घराशी आल्यावर त्यानं पिशवी तशीच माझ्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात त्यानं दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि गेला.

आता तो पुन्हा माझ्या खिशात असतो, आणि मावशी माझ्या खिशाला पुन्हा पहिल्यासारखी ठणकावते. परतीच्या वाटेवर त्याचं घर लागतं. तिथे आलो की मी कॅमेऱ्यावर हात ठेवतो.

"अंधार काऊन झाला बे?"

"नेटवर्क गेलं वाटते."

"हाव, गेलं असन," तो म्हणतो. एरवी शब्दाशब्दाला वाद घालणारा हा माणूस एवढी एक गोष्ट मुकाट्यानं मान्य करतो.