लोकांकडे तोंड केलेला माईक

मंजुषा इंगोलेबद्दल लिहायचं तर आधी तिच्या सासूबद्दल लिहावं लागतं, आणि सासूबद्दल लिहायचं तर आमच्या गायन पार्टीबद्दल. मालेगावातली आमची भीमगीतांची पार्टी तीस वर्षांची आहे. मंजुषाची सासू भागिरथाबाई गाते, मी पेटी वाजवतो, धम्मरत्न ढोलकीवर असतो आणि त्याची पुतणी सपना कोरसला. मी इंद्रभान. एस.टी.त कंडक्टर होतो, आता रिटायर आहे. लोक मला चिडका म्हणतात. बत्तीस वर्षं 'पुढं सरका, पुढं सरका' ओरडूनही जिथं कोणी सरकलं नाही, तिथं माणूस चिडका होणार नाही तर काय गोड होईल?

मंजुषाने आय.टी.आय.ला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं. लग्नानंतर दोन वर्षांनी तिने स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा गावाला बोलायला विषय मिळाला. बाई मोबाईल खोलते, हे बघायला माणसं चांगला चाललेला मोबाईल घेऊन यायची. भागिरथाबाई महिनाभर रोज त्या दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसली. कोणी नुसताच डोकावला की विचारायची, "काय बिघडलं हाय बापा? मोबाईल का डोळे?" महिन्याभरात डोकावणारे संपले आणि गिऱ्हाईकं राहिली. मंजुषा हे कधी बोलून दाखवत नाही, पण विसरलेलीही नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. गेल्या तीन वर्षांत भागिरथाबाईचा सूर हलायला लागला होता. आमच्या सुरुवातीच्या काळात दोन भोंगे असायचे आणि समोर चटईवर बसलेली माणसं. आता कार्यक्रम कुठलाही असो, कपाटाएवढे स्पीकरचे बॉक्स आधी येतात आणि माणसं मागून. स्टेजवर तर त्यांचा नुसता घुमारा येतो. माझीच पेटी मला ऐकू यायची नाही, मी बोटांवर भरवसा ठेवून वाजवायचो. पेटीवाल्याचं बोटांवर निभतं. गाणाऱ्याने कशावर निभवायचं? ती आवाज चढवायची, चढवला की सूर वर सरकायचा, घसा बसायचा. मागच्या वर्षी रिसोडला विहाराच्या वर्धापनदिनी तर दुसऱ्याच गाण्यात आवाज चिरला. तिथल्या कमिटीच्या माणसाने आम्हाला चहा देता देता सांगितलं की पुढच्या वेळी नवा आवाज आणा.

या वर्षी रिसोडचं बोलावणं आलं, तेव्हा धम्मरत्नाने विषय काढला. आम्ही भागिरथाबाईच्याच घरी बसलो होतो आणि ती आत चहा टाकत होती.

"वहिनी म्हणते साउंड खराब हाय. नाचता येईना अंगण वाकडं," तो म्हणाला. "वय झालं, हे कोणी बोलून नाई राह्यलं. रिसोडले सपनाले पुढं बसवू. वहिनी कोरसले बसन."

"मावशी असतानी मी कायले पुढं बसू?" सपना म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखर संकोच होता.

आतून आवाज आला, "कोरसले मी बसाची नाई. गाईन तं पुढं बसून, नाई तं घरी."

तीस वर्षं जिच्या गाण्यावर माझी पेटी चालली, तिच्या बाजूने मी एक शब्द काढला नाही. याची मला अजून लाज वाटते.

बोलली ती मंजुषा. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने आपला मोबाईल माझ्या हातात दिला. त्यात सूर मोजायचं काहीतरी होतं. सूर जागेवर असला की काटा मधोमध उभा राहायचा. सकाळी भाकरी थापताना सासू गुणगुणत होती, ते तिने चोरून टिपलं होतं. काटा खांबासारखा सरळ. मग तिने रिसोडच्या कार्यक्रमाची चित्रफीत लावली. काटा नुसता इकडून तिकडे.

"काका, डिस्प्ले गेला का लोकं मोबाईल फेकाले निंगतात," ती म्हणाली. "बोर्ड चांगला असते. आईचा आवाज नाई गेला. आईले आईचा आवाज भेटूनच नाई राह्यला."

म्हणजे अंगण खरोखरच वाकडं होतं.

तिचा उपाय असा होता की गाणाऱ्याचा आवाज थेट त्याच्या कानात सोडायचा. शहरातले मोठे गायक कानात काहीतरी घालून गातात, ते मी टीव्हीवर पाहिलं होतं आणि मला तो भपका वाटायचा. भपक्याची किंमतही तशीच निघाली. बिनवायरच्या एका संचाच्या पैशात आमची पेटी आणि ढोलकी दोन्ही नवी आली असती. धम्मरत्नाने तिथंच हात झटकले.

"पण तुमी चौघं बसून गाता," मंजुषा म्हणाली. "उठून नाचाचं नाई, स्टेजवर हिंडाचं नाई. मंग बिनवायरचं पाह्यजे कायले? वायर गादीखालून आनतो."

एवढी साधी गोष्ट. गायन पार्टी गादीवर मांडी घालून बसते, हे मागासलेपणाचं लक्षण आहे असं आजकालची पोरं म्हणतात. त्या मांडीनेच आमचे पैसे वाचवले. चार जणांच्या कानांत आवाज वाटून देणारी वीतभर लांबीची एक डबी, कानात घालायची चार जोड रबरी बोंडं, लांब वायरी, सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आत बसलं. आमच्या पार्टीच्या साउंड मिक्सरच्या पाठीला एक जास्तीचं भोक होतं. इतकी वर्षं आम्ही त्याला निरुपयोगी समजून त्यात अगरबत्ती खोचत होतो. मंजुषाने राख फुंकून काढली आणि वायर तिथं लावली. मोठ्या बॉक्सला एक आवाज जाईल आणि त्या भोकातून आमच्या कानांना दुसराच, असं तिने समजावलं. कानातल्या आवाजात भागिरथाबाई सर्वांत वर, तिच्याखाली पेटी, सपना थोडी, ढोलकी जवळजवळ नाही.

"माही ढोलकी कुठं हाय?" धम्मरत्नाने लगेच विचारलं.

"तुमच्या मांडीवर हाय, काका."

मी बोंडं कानात घातली आणि पेटी दाबली. काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा, सूर फाटका आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तो किती वर्षं फाटका होता कोण जाणे! भागिरथाबाईला माहीत होतं म्हणे, पण माझ्या चिडकेपणामुळे तिने सांगितलं नव्हतं. मंजुषाने डबीवरच्या प्रत्येक फिरत्या बटणाला नेलपॉलिशची लाल खूण केली. खुणेपलीकडे आवाज कोणी वाढवला तर सगळं काढून घेईन, अशी तंबी दिली. मग भागिरथाबाई गायली. हळू गायली, घसा न ताणता, आणि गाता गाता मध्येच थांबून म्हणाली, "अगं बाई, हे मीच हाय का?"

मेडशीला बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता आणि रिसोड त्यानंतर आठ दिवसांनी. मेडशीत वहिनीचं जमलं तर रिसोडला तीच पुढं बसेल, नाही तर सपना, असं धम्मरत्नाने ठरवून टाकलं. भागिरथाबाईने मान डोलावली.

मेडशीत ऊन उतरल्यावर मंडप भरला. मंजुषा खाली मिक्सरवर बसली. भागिरथाबाईने पदर सावरला, कानातली बोंडं पदराखाली झाकली आणि नेहमीसारखं म्हणाली, "जय भीम!"

आता हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कार्यक्रम गाण्याने सुरू होत नाही, या शब्दाने होतो. गाणारा जय भीम म्हणतो, समोरची माणसं जय भीम म्हणतात आणि त्या उत्तरावरून गाणाऱ्याला कळतं की आज माणसं कशी आहेत, कुठून सुरुवात करायची, किती वर न्यायचं. भागिरथाबाई तीस वर्षं त्या उत्तरावर आपली पट्टी ठरवत आली.

तिने जय भीम म्हटलं आणि समोर तोंडं उघडलेली दिसली. ऐकू काहीच आलं नाही. रबरी बोंडांनी आमचे कान असे बंद केले होते की सगळा मंडप मुका झाला होता. तिला वाटलं लोकांनी उत्तर दिलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "जय भीम!" लोकांना वाटलं बाई आज जोशात आहे. ते दुप्पट मोठ्याने ओरडले. आमच्या कानात शांतता. तिसऱ्यांदा तिने जवळजवळ रडवेल्या आवाजात म्हटलं आणि अख्खा मंडप मुठी वर करून उभा राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असेल की मेडशीत असा रंग कधी चढला नाही!

पहिलं गाणं झालं. मी पेटीवाला आहे, सुरातलं मला कळतं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा सूर एकदाही हलला नव्हता. पण ती लोकांचे चेहरे शोधत गात होती, आणि गाणं संपल्यावर टाळ्यांचे हात नुसते हलताना दिसले, तेव्हा तिने दोन्ही बोंडं काढून मांडीवर ठेवली. दुसरं गाणं तिने उघड्या कानांनी घेतलं. बॉक्सचा घुमारा आला, आवाज चढला आणि तिसऱ्या गाण्याला घसा बसला. उरलेला कार्यक्रम सपनाने ओढून नेला.

"विहिरीत बसून गाऊन राह्यली असं वाटलं मले," परतताना जीपमध्ये भागिरथाबाई म्हणाली. "लोकं हाय का नाई, हेच समजे ना. रिसोडले सपनाच बसू दे पुढं. मी येत नाई."

जिंकल्याचा आनंद धम्मरत्नाला झाला नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. मीच म्हणालो, "एक कान उघडा ठेवला तं?"

"नाई काका," मंजुषा म्हणाली. "एक उघडा ठेवला का दुसऱ्यात आवाज वाढवा लागते. मंग तोही कान जाते."

तिसऱ्या दिवशी दुपारी मंजुषा विहारात गेली आणि तिथला सूचना द्यायचा जुना माईक मागून आणला. त्याची जाळी एका बाजूने चेपलेली होती. आम्हाला सगळ्यांना बोलावून तिने तो माईक स्टँडवर लावला आणि त्याचं तोंड आमच्याकडे न करता दाराकडे, रस्त्याकडे फिरवलं.

"उलटा लागला," धम्मरत्न म्हणाला.

"नाई, सुलटा हाय. चार माईक तुमचे. हा पाचवा लोकायचा."

"लोकायले माईक कायले? ते गानार हाय का?"

"ते जय भीम म्हनतीन."

तो माईक मोठ्या बॉक्सला द्यायचा नव्हता, फक्त आमच्या कानात सोडायचा होता. पहिल्यांदा गडबडीत तिच्याकडून दोन्हीकडे सुटला आणि अशी कुई निघाली की ओट्यावर झोपलेलं कुत्रं शेजारच्या गल्लीत गेलं. मग तिने बॉक्सकडची वाट बंद केली. भागिरथाबाई आत भिंतीला टेकून बसली होती, यायला तयार नव्हती. मंजुषाने तिचा हात धरून गादीवर बसवलं, स्वतःच्या हाताने बोंडं तिच्या कानात घातली आणि बाहेर रस्त्यावर गेली. तिथून साध्या आवाजात म्हणाली, "जय भीम, आई."

भागिरथाबाई दचकली. मग तिने डोळे पुसले आणि उत्तर दिलं. धम्मरत्नाने स्वतःच्या कानातली बोंडं काढून ठेवली, घसा खाकरला आणि म्हणाला, "वहिनी, रिसोडले तूच बस पुढं." मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला, आणि हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

रिसोडचा कार्यक्रम दुपारचा होता. मंडपात कूलर लावले होते, पुढे सगळ्या बायका बसल्या होत्या. पाचवा माईक स्टेजच्या काठावर उभा होता. कमिटीच्या एका माणसाने तो दोनदा आमच्याकडे फिरवला आणि मंजुषाने दोनदा परत लोकांकडे.

"जय भीम!" भागिरथाबाई म्हणाली.

उत्तर कानात आलं, आणि नुसता गलका नाही आला. म्हातारे, पोरंटोरं, मागे उभ्या असलेल्यांचा जाडा आवाज, सगळं वेगवेगळं. तिने क्षणभर ऐकलं आणि माझ्याकडे वळून बोटाने पट्टी खाली दाखवली. त्या दिवसाच्या माणसांना ती पट्टी हवी होती. तिचं बरोबर होतं. मी पेटी धरली.

पहिल्या गाण्याचा पहिला अंतरा झाला. मी सूर भरत होतो, तेवढ्यात माझ्या कानात एका बाईचा आवाज आला. माईकच्या अगदी पुढ्यात बसलेली कोणी म्हातारी शेजारणीला सांगत होती आणि तिला वाटत होतं आपण कुजबुजतोय.

"हे थेच हाय का व? मांगल्या साली तं लय फाटका आवाज होता इचा."

चौघांच्याही कानात ते एकदमच पडलं. धम्मरत्नाची थाप चुकली. सपनाने पदर तोंडात घातला. आता भागिरथाबाई बोंडं काढणार, मला वाटलं, आणि पुन्हा हाती लागणार नाही. खाली मंजुषाला काही कळलं नव्हतं, कारण ते फक्त आमच्या कानात आलं होतं.

भागिरथाबाईने गाणं थांबवलं नाही. माझा सूर चालू असतानाच ती पुढे वाकली आणि आपल्या माईकवर, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं, हसत म्हणाली, "माय, मांगल्या साली मले मीच आयकू येत नव्हती. औंदा तूबी आयकू येऊन राह्यली."

म्हातारीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजूबाजूच्या बायका हसता हसता एकमेकींवर कलल्या आणि तो सगळा हसण्याचा लोंढा आमच्या कानात आला. भागिरथाबाईने तो पूर्ण ऐकून घेतला. मग तिने दुसरा अंतरा उचलला, जिथं उचलायला हवा तिथंच, आणि मी माझी फाटकी काळी चार सांभाळत तिच्या मागोमाग निघालो.