मातीच्या भिंतीला पाणी

हे कुणाला सांगणार नाही, असं मी आईला कबूल केलं आहे. बोलायला मला तसंही जमत नाही, म्हणून लिहिते. लिहायचं नाही, असं ती म्हणालेली नाही. आमच्या घराचं काम निघालं तेव्हा माळावर दोन ढीग पडले, एक मातीचा आणि एक किश्शांचा. मातीचा भिंतींमध्ये संपला. दुसरा अजून तसाच आहे.

हे नवं घर आर्णी रोडला, आमच्या शेताच्या वरच्या मुरमाड तुकड्यावर आहे. ते नीताआत्याने, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीने डिझाइन केलं. ती आर्किटेक्ट आहे आणि हे तिचं पहिलंच घर. माती तिथलीच, त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, तुडवलेलं. भिंती हातभर जाड, वर दुहेरी छप्पर, पश्चिमेला एकही खिडकी नाही. मे महिन्यातसुद्धा कूलर लागणार नाही, असं ती म्हणते.

आईला स्लॅबचं घर हवं होतं. तिचं लहानपण मातीचं घर सारवण्यात गेलं. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी नाई येत तिथं. अन् माहे देवबी त्या मातीत जानार नाईत."

बाबा म्हणाले, पेरणीपर्यंत वाट पाहू, नाहीच म्हणाली तर तिथे कापूस भरू. आत्याने पाया आखायला घेतला. पण जिच्या घरात सख्खी वहिनी राहायला तयार नाही, तिला दुसरं घर बांधायला कोण देईल?

*

भिंतीच्या रेषेत एक पळस येत होता. तोडा, असं सगळे म्हणाले. आत्याने भिंतच वळवली.

शेजारचं शेत देविदासकाकांचं. गावातल्या निम्म्या घरांच्या बांधकामावर त्यांनी देखरेख केली आहे, कुणी न सांगता. ते त्या वळणापाशी बराच वेळ उभे राहिले. मग आत्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, मिस्त्री पिऊन येते काय कामावर?"

"नाही काका. झाड आधी आलं होतं."

काकांनी बाबांना जाऊन सांगितलं की मिस्त्री चांगला आहे, बहिणीवर लक्ष ठेव.

*

सिमेंटच्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर आमच्याकडच्या उन्हात ती तडकते. आत्याच्या भिंतीवर कुणीच पाणी मारत नाही, हे देविदासकाकांना बघवेना. आत्या नागपूरला गेली, तशी त्यांनी विहिरीची मोटर लावली, पाइप ओढत आणला आणि मनापासून पाणी मारलं.

आत्या परतली तेव्हा भिंतीच्या जागी चिखल होता. वर कुटार तरंगत होतं.

"कच्ची होती," काका म्हणाले. "आत्ताच समजलं ते बरं झालं."

आत्याने भिंत पुन्हा उभी केली आणि तिच्यावर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'भिंतीला पाणी मारू नये.' आता हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

*

घर पूर्ण झालं तेव्हा मारेगावचे मामा पिकअपमधून भला मोठा लोखंडी कूलर घेऊन आले. बहिणीला मातीच्या घरात पाठवतात, निदान हवा तरी मिळावी! तो ठेवायला त्यांनी पश्चिमेची खिडकी शोधली. मग घराला फेरी मारून पुन्हा पश्चिमेलाच आले.

"खिडकीच नाई ठेवली?"

"मामा, म्हणूनच कूलर लागत नाही," आत्या म्हणाली.

कूलर अंगणात राहिला. त्याच्या गवतात देविदासकाकांची कोंबडी खुडूक बसली आहे. मामांचा फोन आला की बाबा सांगतात, कूलर चालू आहे.

*

राळेगावचे मावसाजी घर पाहायला येणार होते. त्यांचा बाबांना फोन आला, आवाजात चांगलाच वैताग. मोटरसायकलने रस्त्यावर दोन चकरा झाल्या, घर काही दिसत नव्हतं. बाबांनी विचारलं, आत्ता कुठे आहात?

"इथं नुसतं मुरमाचं टेकाड हाये, बाप्पा. त्याच्याच सावलीत उभा हाओ."

बाबांनी आतून खिडकी उघडली. "भाऊजी, मान वर करा."

*

आता आईचं.

मे लागला आणि आमच्या गावातल्या घराचे पत्रे तापले. दुपारी आत्या कामाला आर्णीला गेली की आई बादली घेऊन निघायची. कुठे, असं विचारलं तर म्हणायची, "भिंतीले पाणी मारून येतो."

एकदा दुपारी बाबांनी मला तिला बोलवायला पाठवलं. नव्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत आई जमिनीवर पदर पसरून गाढ झोपली होती. बादली शेजारी होती, कोरडी. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं आणि आईच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

तिने एक डोळा उघडला. "तुह्या आत्याले सांगू नोको. कोनालेच नोको."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बादलीतून उशी गेली. मग पोळपाट गेला. एक दिवस मिठाची बरणी गेली. यातलं काहीच परत आलं नाही. काल जेवताना बाबांनी विचारलं, की पेरणी आली, आता काय ठरवायचं? आत्याने ताटातून मान वर केली नाही. आई म्हणाली, "पाहू." आणि तिला आणखी एक भाकर वाढली.

आज बादली चिंचेने घासून लखलखीत केली आहे. वर ओला टॉवेल झाकलेला. आई आंघोळीला गेली तेव्हा मी तो हळूच उचलून पाहिला. तळाशी नवा ब्लाऊजपीस अंथरला होता आणि त्यावर

"अवं पोरी, बादलीले हात कोनं लावला?" आई हाक मारते आहे, मला जायला हवं, पण त्यावर आमच्या देव्हाऱ्यातला