मैद्याच्या खळीचं पान

लायब्ररीवाल्या काकूंचा वाळवीवर भारी राग. अमरावतीत त्यांच्या बैठकीत मुलांच्या रहस्यकथांची दोन कपाटं होती आणि कित्येक पुस्तकांचं शेवटचं पान काकूंच्याच निळ्या अक्षरातलं, मैद्याच्या खळीने चिकटवलेलं असे. म्हणायच्या, "वाळवीनं खाल्लं ना बाई! बिनाचोराचं पुस्तक देऊ काय तुले?" वाळवी नेमकं शेवटचंच पान कशी खाते, हे विचारायची अक्कल आम्हाला नव्हती.

पुस्तक परत करताना परीक्षा असे. "चोर कोन निंगाला, सांग पहिले." मी नेलेल्या पहिल्याच पुस्तकात बंगल्याचा माळी चोर होता. उत्तर सांगताना मला रडूच फुटलं. माझे बाबा कॅम्पातल्या एका बंगल्यावर माळीकाम करत. काकूंनी माझ्या मुठीत फुटाणे कोंबले आणि पुस्तक ठेवून घेतलं. त्यानंतर माझ्या वाट्याला आलेल्या पुस्तकांत चोर म्हणजे शेठ, नाहीतर साहेबाचा मेहुणा. रडणं मी विसरूनही गेले.

कॉलेजात मैत्रिणीकडे त्यातलंच एक धड पुस्तक दिसलं. त्यात चोर साहेबाचा मेहुणा नव्हे, स्वयंपाकी होता. मी तरातरा जाऊन चारचौघांत काकूंना सुनावलं, "तुम्ही आम्हाला खोटी पुस्तकं वाचायला दिलीत. लेखकाचं बदलायचा तुम्हाला काय हक्क?"

काकू चिडल्या नाहीत. कपाट लावता लावता म्हणाल्या, "लेखकाले काय मालूम, वाचाले कोन बसून राहिलं ते."

मला ते उत्तर पटलं नाही. मी पुन्हा त्या घराची पायरी चढले नाही. काकू गेल्याचं मला सासरी अकोल्यात कळलं, तेव्हा कपाटांतली पुस्तकं रद्दीत जाऊनही सहा महिने झाले होते.

यंदा लेकीसाठी त्याच रहस्यकथांचा नवा संच आणला. गुळगुळीत कागद, आतला मजकूर जुनाच. ट्रंक कॉल, जीपगाडी वाचून ती आधी खूप हसली. "यांनी सरळ मोबाइल का नाही केला?" मग एका पुस्तकात चोर माळी, दुसऱ्यात मोलकरीण, तिसऱ्यात जंगलातला काळा माणूस. तिचं हसू हळूहळू थांबलं.

काल पुस्तक मिटून तिने विचारलं, "आई, आजोबा माळीच होते ना?"

तेव्हा मला माझं रडणं आठवलं, आणि काकूंची वाळवीही कळली. घरात मैदा होता, निळा पेनही होता. पण तिचं वाचून झालं होतं.