रांगेत थांबलेली अक्षरं

यंत्र माणसाचा एकही शब्द वाया जाऊ देत नाही, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. सॉफ्टवेअर कंपनीत पगारच त्याचा मिळायचा.

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली आणि उजवा हात थरथरू लागला. डोकं शाबूत होतं. मी त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. दाबलेलं अक्षर पडद्यावर मोठं दिसायचं आणि संगणक ते बोलून दाखवायचा.

त्या दुपारी ते बराच वेळ टाइप करत होते. पडद्यावर मात्र तुटक अक्षरं, मधली गायब. शेवटी त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला, स्वतःच्या हाताकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी जन्मभर कंट्रोल रूम सांभाळली होती. दिवा लागला नाही तर आधी आपण बटण नीट दाबलं का ते बघायचं, ही तिथली शिस्त.

"राहू द्या बाबा, दमलात."

"ह्यांचं नाही चुकत," शेजारी मेथी निवडत बसलेली आई म्हणाली. "मी बघतेय ना. बोट बरोबर पडतंय. तुझं ते यंत्र बोलत असलं की ह्यांनी दाबलेलं घेत नाही. तुझ्यावरच गेलंय."

मी कोड उघडला. एक अक्षर बोलून होईपर्यंत दाबलेली पुढची अक्षरं आत रांगेत थांबत. बोलणं संपलं की ती रांग पुसून टाकायची, ही ओळ माझीच. थरथरत्या हाताने एकच कळ दोनदा दाबली जाईल, ती कटकट नको म्हणून. म्हणजे बाबा सांगत होते आणि मी फेकत होतो.

ती ओळ काढली. आता रांगेतलं सगळं क्रमाने उचलायचं, पडद्यावर मांडायचं. बोलायचं ते वाक्य पूर्ण झाल्यावर.

"चूक माझी होती बाबा. तुमच्या हाताची नाही."

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट दाबलं आणि कीबोर्ड ओढून घेतला.

आईने मेथी बाजूला ठेवली. अक्षरामागून अक्षर येत गेलं, एकही सुटलं नाही. झटक्यानंतर चार महिन्यांनी बाबांचं पहिलं अख्खं वाक्य घरात ऐकू आलं, संगणकाच्या सपाट आवाजात:

"सकाळपासून गिझर चालू आहे."

चालू होता.