आगबोट निघून गेली तो दिवस

अक्कांना शेवटचं भेटले तेव्हा त्या उशीला टेकून फणसपोळी खात होत्या. वैद्यांची सक्त मनाई होती. मी डोळे वटारले तर म्हणाल्या, "वैद्यांना सांगू नकोस. आणि हे बघ, माझ्यामागे तू काहीतरी लिहिशीलच. लिही, पण मला साध्वीबिध्वी करू नको हो... लोक वाचायचे नाहीत." पुढे मी माहेरी वेळणेश्वरला गेले आणि तिथेच त्या गेल्याचा निरोप आला. त्याला महिना होऊन गेला. लिहायला बसलं की रडण्याऐवजी हसूच येतं, त्याला मी काय करू?

अक्का माझ्या थोरल्या जाऊ. पुण्यात राहून बी. ए. झालेल्या. मी लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा त्या मुलींच्या शाळेत शिकवीत. पण खरा नाद वेगळाच. सरकारचा हुकूम नसताना, घरचं कार्य नसताना चार माणसं एकत्र का येतात आणि आल्यावर टिकतात कशी, याचा त्या अभ्यास करीत. कुठलं भजनी मंडळ, कुठली मासेमार खारव्यांची मंडळी, कुठे आपली पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, आपणच बांधून काढणारी वाडी... सुट्टी लागली की अक्का बैलगाडीने निघाल्याच, सोबतीला मी. "तुमच्यात भांडण झालं तर मिटवतं कोण?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्यावर हमखास तिथल्या तिथे एखादं जुनं भांडण उकरून निघे आणि अक्का खुशीत ऐकत बसत. पुण्याच्या मासिकांत त्यांचे लेख येऊ लागले, व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली.

एकदा दापोलीकडच्या एका वाडीत सगळं विचारून झाल्यावर एक म्हातारी तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "बाय, ह्या सगला तू लिवणार. मगे काय?"

"लोक वाचतील."

"मगे काय?"

अक्कांनी वही मिटली. परतताना गाडीत म्हणाल्या, "परीक्षेत इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता गो."

त्यानंतर त्यांनी रत्नागिरीच्या बंदराचा प्रश्न हाती घेतला. आगबोट लांब खोल पाण्यात उभी राही. तिथवर पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, जायचं, आणि किनाऱ्यापासून पडावापर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून, खलाशाच्या खांद्यावर बसून. पुरुष हसत जात. कित्येक बायका मात्र नवरा मुंबईत आजारी पडला तरी या लाजेपायी जात नसत. अक्का घरोघर हिंडल्या, बायकांना बोलतं केलं, लाकडी धक्का आणि निवारा हवा अशी मागणी घेऊन बंदराच्या कमिटीपुढे उभ्या राहिल्या. अध्यक्ष एक रावसाहेब होते. ते म्हणाले, "बायकांना एवढा प्रवास हवा कशाला?"

"रावसाहेब, आपल्या लेकी दिवाळीला मुंबईहून येतात, त्या काय उडत येतात?"

सगळे हसले, रावसाहेबही हसले, आणि अर्ज दप्तरात पडला. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच हसू. अशी वर्षं गेली. शेवटी अक्कासुद्धा कंटाळल्या. "माझी आपली शाळा बरी," असं त्या म्हणू लागल्या.

आणि मग तो दिवस आला. एका नातलगाला पोचवायला आम्ही दोघी बंदरावर गेलो होतो. रावसाहेब सहकुटुंब मुंबईला निघाले होते, त्यांच्या पत्नीच्या भाचीचं लग्न होतं. रावसाहेबांच्या पत्नीला सगळं गाव काकू म्हणे. रावसाहेब ऐटीत पडावात जाऊन बसले. काकूंपुढे खलाशी वाकला. काकूंनी पाण्याकडे पाहिलं, आपल्या शालूकडे पाहिलं, आणि सरळ पुळणीच्या वाळूवर बसकण मारली.

"अगो, बोट सुटेल!" रावसाहेब पडावातून ओरडले.

"सुटू दे. धक्का होईपर्यंत मी कुणाच्या खांद्यावर चढायची नाही!"

शेजारी एक खारवीण गाठोडं घेऊन उभी होती, तीही बसली. मोहल्ल्यातल्या दोघी बसल्या. बघता बघता सगळ्याजणी वाळूत! यातलं काहीही अक्कांनी ठरवलेलं नव्हतं. आगबोटीने भोंगा दिला, पुन्हा दिला, आणि धूर सोडीत ती निघून गेली. रावसाहेब पडावात तसेच. अक्का तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग जाऊन काकूंशेजारी बसल्या. काकू भाचीबद्दल म्हणाल्या, "माझ्या हातावर वाढलेली पोर हो ती..." अक्कांनी त्यांचा हात धरला तो सगळी पुळण रिकामी होईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या हंगामाआधी धक्का झाला, निवाराही झाला. समारंभात रावसाहेब म्हणाले, "ही कल्पना मुळात माझ्या घरातली." सगळ्यांत जोराने टाळ्या अक्कांनी वाजवल्या.

परवा मी त्या निवाऱ्यात गेले. जवळच्या भाट्ये गावची एक नवी सासुरवाशीण केर काढत होती. मला म्हणाली, "चपला भायेर काढा हो." विचारलं तेव्हा कळलं, बायकांनी आपसांत झाडण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. म्हटलं, "कुणी सांगितलं तुम्हांला?"

"सांगायला कोण हवा? आमचा आमीच ठरवला."

"अक्कांना ओळखत होतीस?"

"कोण अक्का?"

मी मोठ्या उत्साहाने सांगायला तोंड उघडलं, तर तिने मध्येच अडवलं. "ता मगे सांगा. सोमवारी कोण नाय झाडायला. तुमी येताव?"

मी हो म्हटलं. सोमवारी जरा लवकर आवरून निघायला हवं.