बाईंचे उघडे डोळे

अण्णांनी आयुष्यभर लोकांचे फोटो काढले आणि त्यातल्या निम्म्यांशी भांडण केलं. फोटोत आपण चांगलं दिसलं पाहिजे हा गिऱ्हाइकाचा हट्ट, आणि आहे तसं दिसलं पाहिजे हा अण्णांचा. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा जिन्याखालचं ते चिमुकलं दुकान त्यांनी बंद केलं, पण जुना रेंजफाइंडर कॅमेरा काही सोडला नाही. तो विकायचा विषय कुणी काढला की त्यांना नेमकं त्याच वेळी कमी ऐकू यायचं.

त्या कॅमेऱ्यात भिंगातून बघायचंच नसतं. बघायची खिडकी वेगळी, बाजूला. तिच्या मधोमध एक पिवळसर चौकोन असतो आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो. भिंगाचं कडं फिरवत ते दोघे एकमेकांवर आणून बसवले की अंतर जुळलं. उजेड कमी असला की हे जुळवताना डोळ्यांना पाणी येतं. पण एक सुख असं की फोटो निघतो त्या क्षणीही खिडकी उघडीच राहते. फ्लॅश उडाला की त्या लखलखाटात समोरचा चेहरा अण्णांना लख्ख दिसायचा. कुणी डोळे मिटले, कुणी जीभ चावली, हे रोल धुवायच्या आधीच त्यांना ठाऊक असे.

आणि अशा माणसाच्या घरात बायकोचे फोटो कसे? दिवसभर तो दुकानात, ती कामावर, त्यामुळे घरचे फोटो निघायचे ते संध्याकाळी, फ्लॅश लावून. त्या सगळ्यांत तिचे डोळे मिटलेले. सख्ख्या मुलीच्या लग्नातसुद्धा ती नव्या जावयाशेजारी उभ्या उभ्या झोपलेली दिसते. अण्णांनी ते प्रत्येक वेळी खिडकीतून पाहिलं होतं, प्रत्येक वेळी पुन्हा काढला होता आणि प्रत्येक वेळी हात टेकले होते.

त्यांची बायको हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीची प्रमुख. तिथे सगळ्या जणी त्यांना 'बाई' म्हणत. आता बाई निवृत्त होत होत्या, आणि त्या लाँड्रीत निवृत्त प्रमुखाचा फोटो भिंतीवर लागतो. मोठ्या धुलाई यंत्रासमोर उभं राहून काढलेला, तिथला तिथेच.

"आधीचे सगळे बघा कसे डोळे वटारून उभे आहेत," बाई घरी म्हणाल्या. "आणि मी? जन्मभर डोळ्यांत तेल घालून चादरी मोजल्या, आणि भिंतीवर कायमची डुलकी घेत बसू? नव्या पोरी हसतील हो मला."

"काढतो ना मी," अण्णा म्हणाले.

बाईंना आणखीही एक काळजी होती. ती त्यांनी त्या आठवड्यात वेगवेगळ्या तऱ्हेने बोलून दाखवली होती. "मी दिवसभर घरात म्हणजे तुम्हाला अडचणच होणार." "तुमचं एकट्याचं कसं छान चाललंय." त्यावर अण्णा "हं" म्हणत. हा "हं" कसला, ते बाईंना इतक्या वर्षांतही नीट कळलं नव्हतं, आणि या वेळी तर तो त्यांना चांगलाच लागला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी अण्णा तळघरात उतरले. खाली कोंदट वाफ, एक-दोन मिणमिणते दिवे आणि साबणाचा वास. आधी बघायच्या खिडकीवर धुकं धरलं. ते जाईपर्यंत सगळ्या जणी हात पुसत भोवती जमल्या. अण्णांनी बाईंच्या पांढऱ्या कोटाचं वरचं बटण हेरलं, चौकोनातली दोन बटणं एक केली, फ्लॅशची बारीक शिट्टी थांबून लाल दिवा लागेपर्यंत वाट पाहिली आणि दाबलं.

"काका, झाकण!" इस्त्रीवाली ओरडली.

भिंगावरचं झाकण तसंच होतं. खिडकीतून सगळं छान दिसत असतं, त्यामुळे झाकण राहिलं तरी कॅमेरा बापडा काही बोलत नाही. बायका हसून हसून बेजार झाल्या. अण्णांचे कान लाल झाले.

पुढच्या फोटोत बाईंचे डोळे मिटले. त्याच्या पुढच्यातही. अण्णांनी तीन आकडे म्हणतो सांगून दोनलाच दाबलं, तरीही मिटलेलेच. रोल संपत आला होता. बाईंचा चेहरा पडला.

"राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "लावतील तसाच."

बाजूला उभ्या असलेल्या इस्त्रीवालीने मात्र काहीतरी पाहिलं होतं. "काका, फ्लॅश उडायच्या आधीच मिटतात बाई. तुम्ही श्वास रोखून धरता ना, तेव्हाच."

अण्णांनी बायकोकडे पाहिलं.

"कळतंच मला," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एवढंही कळू नये?"

हात हलू नये म्हणून श्वास धरायची सवय अण्णांना अगदी उमेदवारीपासूनची. फ्लॅशला त्याची काडीची गरज नसते, पण बोट श्वासाशिवाय दबतच नसे. धरायचा नाही असं ठरवून त्यांनी एकदा पाहिलं, तर तो आणखी घट्ट धरला गेला. मग त्यांच्या लक्षात आलं की बोलताना काही श्वास धरता येत नाही.

त्यांनी पुन्हा बटण जुळवलं. लाल दिवा लागला.

"अगं," खिडकीला डोळा लावून ते म्हणाले, "तू कामाला निघालीस की मी रोज खिडकीत उभा राहतो. वळेपर्यंत बघतो. मग दिवसभर घर खायला उठतं. उद्यापासून तू घरी असणार म्हणून मला इतकं बरं वाटतंय, की काल मला झोप—"

फ्लॅश उडाला. त्या लखलखाटात बाईंचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते, आणि ते सरळ अण्णांकडे बघत होते.

अण्णांनी कॅमेरा खाली घेतला.

"हे फोटोसाठी म्हणालात," बाईंनी विचारलं, "की खरं?"

आता अण्णांच्या तोंडासमोर लपायला कॅमेरा नव्हता, आणि अख्खी लाँड्री कान देऊन उभी होती.

"फोटोसाठी काय, काहीही बोलून चाललं असतं," ते म्हणाले. "हवापाण्याचंसुद्धा."

हॉस्पिटलच्या घडी केलेल्या टॉवेलला कामाशिवाय हात लावायची बाईंच्या राज्यात कुणाची टाप नव्हती. बाईंनी शेजारच्या चळतीतला सगळ्यात वरचा टॉवेल उचलला, घडी मोडली आणि त्यात तोंड खुपसलं.