पोचल्याचा मिस्ड कॉल

आमच्या मॅडम घाबरट होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या गेल्यावर भोरमध्ये जो तो 'काय धीराची बाई होती' म्हणत हिंडत होता आणि ते ऐकून माझं डोकं फिरत होतं. धीर कसला डोंबलाचा? जिन्यात पाऊल वाजलं तरी त्या दचकून दाराकडे बघायच्या. एसटी स्टँडजवळ खतांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. तिथून निघताना त्या प्रत्येक बटणावर हात ठेवून बघायच्या, खाली उतरायच्या, आणि रस्त्यावरून वर बघत मला विचारायच्या, "बंद केलंस का?"

हा प्रश्न दिवसभर चालायचा. पंखा बंद केलास का, नळ बंद केलास का. मी मनातल्या मनात त्यांना 'मेन स्विच' म्हणायचे, आणि मी तोंडाची फटकळ, त्यामुळे एकदा ते तोंडातून निघून गेलं. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. घराला मेन स्विच असतो म्हणून माणसाला झोप लागते. आपल्या धंद्यात तोच नाही."

आमचा धंदा क्लाउडचा. म्हणजे कुठल्या तरी मोठ्या कंपनीची, आपण कधीच न पाहिलेली यंत्रं भाड्याने वापरायची. आपला प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामानसुमान एकत्र बांधायचं आणि त्या यंत्रावर नेऊन ठेवायचं. ह्या बांधलेल्या सामानाला कंटेनर म्हणतात. मॅडम त्याला डबा म्हणायच्या. डबा जितके सेकंद चालू राहील तितक्या सेकंदांचं बिल, आणि त्याच्यासाठी किती ताकद आणि किती मेमरी राखून ठेवली त्यावर सेकंदाचा दर. नुसता बसून राहिला तर दर थोडा कमी लागतो, पण फुकट काही नाही. मी एकदा म्हटलं, "म्हणजे स्टँडवर जीप ठरवून उभी करावी तसं. इंजिन चालू, माणूस बसो न बसो." मॅडमना ते इतकं पटलं की पुढे कोणालाही समजावताना त्या माझीच जीप वापरायच्या.

जीप उभी ठेवायची नसेल तर सोय आहे. सेटिंगमध्ये 'किमान' म्हणून एक चौकट असते, तिथे शून्य घालायचं. मग कोणी हाक मारली तरच डबा उठतो, काम संपलं की थोड्या वेळाने निजतो, आणि निजलेल्याचं बिल नाही. गर्दी झाली तर एकाचे दोन, दोनाचे वीस डबे आपोआप उठतात. "ह्या 'आपोआप'चीच मला भीती वाटते," मॅडम म्हणायच्या. "आपोआप उठतात, आपोआप पैसे खातात, आणि आपल्याला कळतं दुसऱ्या दिवशी." खर्चाची मर्यादा लिहून ठेवता येते, पण ती ओलांडली की फक्त मेल येतो. डबे चालूच.

त्यांची ही भीती हवेतली नव्हती. पुण्याच्या एका कंपनीत असताना दिवाळीच्या सुट्टीआधी चाचणीसाठी त्यांनी बरेच डबे उठवले आणि तसेच चालू ठेवून भोरला फराळाला आल्या. परत गेल्यावर साहेबांनी आरडाओरडा केला नाही, फक्त बिलाचा मेल उघडून आपला लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. तेव्हापासून मेल आल्याचा आवाज त्यांना सहन होत नसे. आमच्या ऑफिसात सगळे फोन मुके असायचे. नोकरी सोडून त्या आईजवळ येऊन राहिल्या, आणि उत्रोलीच्या माझ्यासारख्या बीएस्सी झालेल्या पोरीला हाताशी धरून हे काम सुरू केलं.

आमचं सगळ्यात महत्त्वाचं काम होतं वाटेच्या फोनचं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला मेंढरं-शेरडं राखणाऱ्या लोकांच्या वाड्या आहेत. पावसाळ्यात कुठला ओढा कधी चढेल आणि कुठं दरड येईल ह्याचा नेम नसतो. आजारी माणूस डोलीत घालून खाली आणायचा तर कुठल्या वाटेनं उतरायचं, गाडी कुठवर आली आहे, हे आधी कळायला हवं. वाडीतल्या माणसानं आमच्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, त्या हाकेनं डबा उठायचा, खालच्या गावांतून आलेली खबर जुळवायचा आणि उलट फोन करून मॅडमच्या आवाजात वाट सांगायचा. एका संस्थेनं ह्यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम दिली होती. त्याच्या वर गेलं की मॅडमच्या कार्डावर.

म्हणून किमान शून्य. मीही त्यालाच मान डोलावली होती. अडचण एवढीच, की निजलेला डबा उठायला वेळ लागतो. आमच्या डब्यात आवाजाच्या फायली होत्या, तो जडशीळ होता आणि उठायला जवळजवळ मिनिट घ्यायचा. भोरमध्ये बसून मिनिट म्हणजे काय! पण वर वाडीत रेंज फक्त एका दगडावर येते. पावसात, वाऱ्यात त्या निसरड्या दगडावर चढून माणूस मिस्ड कॉल देतो, थोडा थांबतो, आणि फोन नाही आला की उतरून जातो.

तसंच झालं. श्रावणातली दुपार होती, कोंडाबाईची सून अडली होती. कोंडाबाई म्हणजे वाडीतली जाणती बाई, सगळ्यांची आजी. तिच्या मुलानं दगडावर चढून मिस्ड कॉल दिला, वाट बघितली आणि उतरला. आमचा फोन गेला तेव्हा दगडावर कोणी नव्हतं. ते डोली घेऊन ओढ्याच्या वाटेनं निघाले, आणि ओढा दुथडी भरलेला. स्क्रीनवर 'फोन उचलला नाही' एवढंच दिसत होतं. मॅडम परत परत फोन लावत होत्या. संध्याकाळी खालून खबर आली, की ओढ्याअलीकडच्या एका गोठ्यात पोरगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मॅडम खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

मग त्यांनी ते सेटिंग उघडलं. शून्य खोडून एक घातला. बोट बटणावर ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला फार भीती वाटतेय गं. तू इथेच उभी राहा." मी उभी राहिले. त्यांनी बटण दाबलं. तेव्हापासून पावसाळाभर एक डबा जागा, हाक आली की लगेच उत्तर, आणि मीटर अखंड पळतंय. त्या रोज सकाळी देवाला दिवा लावायच्या आधी आदल्या दिवसाचा खर्च बघायच्या.

पण खरी भीती पुढे होती. गणपती उठल्यावर एकदा वरच्या बाजूला रात्रभर पाऊस कोसळला आणि घाटात दरड आली. सकाळी आम्ही स्क्रीनसमोर बसलो, तर आलेखातली कॉलची रेघ वर चढायला लागली. एका डब्यानं एका वेळी एकच फोन सांभाळायचा असं आम्हीच ठरवलं होतं, त्यामुळे एकाचे पाच डबे झाले, पाचाचे बारा, आणि थांबायचं नाव नाही. तेच तेच नंबर पुन्हा पुन्हा. आमचा फोन गेला की कट, आणि लगेच परत मिस्ड कॉल.

"कोणीतरी मुद्दाम करतंय," मॅडम पुटपुटल्या. त्यांचा हात माऊसवर होता. सगळे डबे एका झटक्यात निजवता आले असते. "आणि ह्यात एखादा खरा अडलेला असला तर?" असं त्यांनीच विचारलं आणि हात मागे घेतला. दहाच्या एसटीनं आम्ही निघालो, पुढे जीप, त्यापुढे चिखलातून चढण. सबंध वाटेत त्यांच्या हातात मोबाईल होता आणि त्यात ती रेघ.

वर पोचलो तर वाडी जागेवर होती. दगडाभोवती बायाबापडे, म्हातारे, सगळे रांग लावून उभे, आपापले फोन घेऊन घोळक्यानं चढून मिस्ड कॉल देऊन उतरत होते. मॅडमना बघून कोंडाबाई पुढे आली.

"कोंडाबाई, काय झालं? कोण आजारी आहे?"

"कुनी न्हाई. समदी धड हाय."

"मग फोन कशाला करताय एवढे?"

कोंडाबाई चकित झाली. "आवो, दरड आली न्हवं? आमी सुखरूप हाय ह्ये तुमास्नी कळाय नगं व्हय? आन तुमीबी काय बाई, मिस्काल दिला की उलट फोन लावताय. आमाला वाटलं तुमाला समजलंच न्हाई, म्हून कापायचा आन पुन्यांदा द्यायचा."

माझ्या तर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे माणूस गावाला पोचला की एक मिस्ड कॉल देतो. त्याचा अर्थ पोचलो. तो उचलायचा नसतो आणि त्यावर उलट फोन तर मुळीच करायचा नसतो. मीसुद्धा रोज उत्रोलीला उतरल्यावर मॅडमना तसाच द्यायचे. आम्ही दोघी शिकल्यासवरलेल्या, आणि यंत्राला तेवढी रीत शिकवायची राहून गेली होती.

आता ह्या बाईला बिल कसं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, तर मॅडमनी माझा दंड धरला. कोंडाबाईला म्हणाल्या, "कळलं. सगळं कळलं. एकदाच देत जा, मला पोचतो." आणि त्या तिथेच दगडाला टेकून रडल्या. कोंडाबाईनं त्यांच्या मांडीवर नात ठेवली, आणि तिच्या दुपट्यावर मॅडमचे डोळे गळत राहिले.

परत येऊन आम्ही डबा सुधारला. दोनदा लागोपाठ मिस्ड कॉल म्हणजे वाट विचारायची आहे, एकदाच म्हणजे पोचलो. मग फक्त नोंद करायची, उलट फोन नाही. त्या नोंदीलाही क्षणभराचं बिल लागतंच. संस्थेच्या हिशेबात ते बसत नव्हतं, ते मॅडमच्या कार्डावरच राहिलं. ज्या रेघेला त्या आयुष्यभर घाबरल्या, ती रेघ बघितल्याशिवाय त्या आता घरी जाईनात. संध्याकाळी वाडीतली माणसं मेंढरं घेऊन परतली की रेघेवर बारीक बारीक टोकं उमटायची. "आले सगळे," त्या म्हणायच्या, आणि मग, "पंखा बंद केलास का?"

ह्या पावसाळ्यात त्या गेल्या. हृदयाचं दुखणं निघालं, पुण्याला न्यायचं ठरलं. गाडीत निजवताना त्यांनी माझा हात धरला. मी आपणहून म्हटलं, "मॅडम, सगळं बंद केलंय, काळजी करू नका." त्यांनी घाईघाईने मान हलवली. "तो डबा? तो चालू आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. परत त्या मला दिसल्या त्या थेट त्यांच्या घराच्या अंगणात आणल्यावर.

खालच्या गावातल्या दूधवाल्याकडे मी वाडीसाठी मॅडम गेल्याचा निरोप दिला होता. तो पोचला की नाही कळलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा धुवांधार पाऊस लागला आणि मी एकटी ऑफिसात येऊन बसले. कॉलची रेघ सपाट होती. काल संध्याकाळी नाही, आज सकाळी नाही, एकही टोक नाही. मॅडमना जन्मभर हवा होता तसा शांत मीटर, आणि मला त्याचीच भीती वाटली. मी एकेक नंबर फिरवला, सगळे रेंजबाहेर. डोळ्यांसमोर फक्त तो डोंगर येत होता, वाडीवर खचलेला.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. खूप पावलं. दारात कोंडाबाई, डोक्यावर घोंगडं, कडेवर नात, आणि मागे अख्खी वाडी, गुडघ्यापर्यंत चिखल.

मी ओरडलेच तिच्यावर. "फोन का नाही केला? जीव गेला माझा इथं!"

कोंडाबाईनं डोक्यावरचं घोंगडं उतरवलं. मग म्हणाली, "बाईच न्हाईत, मग पोचल्याचं कळवायचं कुनाला, पोरी?"

मी नुसतं छातीवर बोट ठेवलं. मला. मला कळवा.

मॅडमच्या अंगणात जाऊन नमस्कार करून ते शेवटच्या एसटीच्या आधीच निघाले. संध्याकाळ सरून रात्र झाली तरी मी खुर्चीतून हलले नाही. किमानची चौकट समोर उघडी होती, एकचा आकडा तसाच. आता कार्ड माझं आहे, आणि खरं सांगते, मला भीती वाटते. मेल आला की मी आधी बिल उघडून बघते. मी रेघेकडे बघत बसले, पाऊस पडत होता, चढण निसरडी होती, कडेवर पोर होतं. आणि मग एक बारीक टोक उमटलं. एकच मिस्ड कॉल.

मी उठले, पंखा बंद केला, दिवा बंद केला. खाली रस्त्यावर येऊन वर बघितलं. "नाही मॅडम," मी म्हटलं, "तो चालू आहे."